ऊस, क्षारपड आणि एआय: आधी पाणी मोजूया का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या वाळवा-मिरज-शिरोळ पट्ट्यात सध्या कारखान्याच्या गट ऑफिसात जा नाहीतर खताच्या दुकानात, बोलणं एआयच्या उसावर येतंच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन उसावर जे काम उभं केलं, ते बघायला आमच्याकडूनही गाड्या भरून माणसं गेली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. म्हणजे हे आता प्रदर्शनापुरतं राहिलेलं नाही, रानापर्यंत येणार आहे. मला याचा आनंद आहे. मी कृषी पदवीधर, घरचा ऊस आहे, आणि माती-पाण्याच्या सल्ल्याचं काम करतो.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. सेन्सर कुठला घ्यावा, ड्रोनने फवारणी परवडते का, उपग्रहाचा नकाशा मोबाईलवर कसा दिसतो, हे सगळे विचारतात. पण रानाला वर्षाकाठी पाणी किती जातं, हे विचारलं की उत्तर येतं, "मोटर रात्रभर चालते." खताचा हिशोब पोत्यात आहे, बियाण्याचा डोळ्यांच्या संख्येत आहे, टनेज तर काट्यावर किलोपर्यंत कळतं. पाण्याचा हिशोब मात्र कुणाकडेच नाही. आणि आमच्या भागातली जमीन क्षारपड झाली, म्हणजे मीठ साचून खराब झाली, ती पाण्यानेच.

दोन हिशोब मांडतो. कुणालाही वहीवर करता येतील.

पहिला मिठाचा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी दिलं तर ते ४,०४७ लिटर होतं. पाटाने पाजलेल्या आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या, साधारण दीड वर्षाच्या) उसाला लागणीपासून तोडीपर्यंत दोन हजार मिलिमीटर पाणी सहज जातं, म्हणजे एकरी ८० लाख लिटरच्या वर. विहिरीच्या पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) १ डेसिसायमन प्रति मीटर असेल, तर लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. गुणाकार करा. एका पिकात एकरी पाच टनांच्या वर क्षार आपण आपल्या हाताने रानात ओततो. ऊस त्यातला अगदी थोडा उचलतो. पावसाने धुऊन खाली गेला आणि खालून निचऱ्याने बाहेर पडला तर ठीक, नाहीतर तो तिथेच राहतो. आणि ईसी १ म्हणजे काही वाईट पाणी नव्हे, कितीतरी विहिरींचं याहून जड आहे.

दुसरा हिशोब ठिबकचा. पाच फुटी सरी, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर, ताशी दोन लिटरचा. एकरात सुमारे २,७०० मीटर नळी बसते, ड्रिपर झाले ६,७०० च्या आसपास, आणि तासाला पडतं साडेतेरा हजार लिटर. म्हणजे तासाला सव्वातीन मिलिमीटरच्या थोडं वर. आता मे महिन्यात बाष्पीभवन पात्रात (उघडं पाणी किती उडतं ते मोजायचं भांडं) दिवसाला आठ मिलिमीटर उडालं असं धरू. पात्राचा गुणांक ०.७ आणि भर वाढीतल्या उसाचा पीक गुणांक १.२५ घेतला तर पिकाची गरज निघते सात मिलिमीटर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, भरगच्च उसाला, दिवसाआड नव्हे तर रोज पाणी द्यायचं म्हटलं तरी दोन तास पाच-दहा मिनिटं पुरतात. माझ्या माहितीतली बहुतेक रानं चार ते पाच तास चालतात, कारण वीज असते तोवर मोटर चालू राहते. पाच तासांत सतरा मिलिमीटर पडलं. वरचे दहा गेले कुठे? मुळांच्या खाली, आणि जाताना युरियातला नत्र घेऊन गेले.

म्हणून माझं म्हणणं असं की, पाणी मोजलेलं नाही अशा रानात खताचा अचूक डोस काढणं व्यर्थ आहे. आडसाली उसाला राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. एकरी १६० किलो, म्हणजे ४५ किलोची युरियाची पावणेआठ पोती. त्यातला किती नत्र पिकाच्या तोंडी लागला हे पोती मोजून कळत नाही. रान चिबड झालं, म्हणजे सतत पाणी धरून राहिलं, की मुळांना हवा मिळत नाही, आणि नायट्रेटचा वायू होऊन तो उडून जातो. मग ऊस पिवळा दिसतो आणि आपण अजून एक पोतं टाकतो.

तुमच्या रानात पाणी कसं मोजता? कुणी वॉटर मीटर बसवलाय का? सगळ्या पिकांचे अनुभव येऊ द्यात.

---

पाटपाणी

कृष्णाकाठदादा, हिशोब पटला. पण तुमचं ठिबक आहे. आमचं उपसा सिंचनाचं पाणी. पाळी येते वीस दिवसांनी, कधी पंचवीस. आली की रात्री दोनला दार धरायला उभं राहायचं. त्यात पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून माणूस सरी तुडुंब भरून घेतो. पाणीपट्टी एकरावर आहे, लिटरवर नाही. कमी पाजलं म्हणून चार पैसे कमी लागत नाहीत. मग कमी पाजायचं कशासाठी? मीटर कुठे बसवू, पाटावर?

---

कृष्णाकाठ

पाटपाणी भाऊ, तुमचा मुद्दा बरोबर आहे. क्षेत्रावर पाणीपट्टी असेल तोवर पाणी वाचवणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. संस्थेच्या सभेत हे बोललं गेलं पाहिजे, एकट्या शेतकऱ्याच्या हातातलं ते नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एकाआड एक सरी पाजणं, हे एक. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेल्या पुढच्या पिकात) तर हे सहज जमतं. एका सरीत पाचट (उसाची वाळलेली पानं) दाबायचं, शेजारच्या सरीतून पाणी सोडायचं. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं संवर्धन टाकलं की ते जागेवर कुजतं. ओल धरून राहते, उन्हाने जमिनीतलं पाणी वर खेचलं जाणं कमी होतं. क्षार पृष्ठभागावर येतात ते याच वाटेने: पाणी वर येतं, उडून जातं, मीठ मागे राहतं. पाचट पेटवून देणारा शेतकरी ऊन आणि रान यांच्यामधला एकमेव आडोसा जाळतो. हे दर हंगामात बघून जीव तुटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रानात निरीक्षण नळी टाका. पाटावर मीटर नसला तरी जमिनीखालचं पाणी किती वर आलंय हे मोजता येतं, आणि तुमच्या भागात सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे.

---

काचनळी

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे येणारे नमुने बघितले तर यंत्रांवर बोलण्याआधी नमुन्यावर बोलावंसं वाटतं. बांधाकडेची माती, शेणखताच्या ढिगाखालची माती, झाडाखालची माती, परवाच युरिया टाकलेल्या सरीतली माती, कधी कधी तर ओली चिखलाची पिशवी. त्यावर आम्ही तीन दशांशांपर्यंत आकडा काढून देतो. आकडा बरोबर असतो, पण तो तुमच्या रानाचा नसतो.

नमुना पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी घ्या. उंचवटा, खोलगट, पांढरा पट्टा, काळा पट्टा, सगळ्यांचे नमुने वेगळे. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. रासायनिक खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. हे शेवटचं दर वर्षी सांगावं लागतं.

मृद आरोग्य पत्रिकेबद्दलही एक सांगते. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. बारा घटक तपासून मिळतात, चांगली गोष्ट आहे. पण बागायतीत नमुना घ्यायचं चौकोनी क्षेत्र अडीच हेक्टरचं ठरवलेलं होतं. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. त्यात कितीतरी गट येतात. ज्याचं रान वीस गुंठ्यांचं आहे, त्याच्या पत्रिकेतला आकडा शेजाऱ्याच्या मातीचा असू शकतो. म्हणून ऊस लावणाऱ्याने आपला नमुना आपण द्यावा. फी फार नाही.

आणि क्षारपडीच्या भागातल्या सगळ्यांसाठी महत्त्वाचं. आमच्या अहवालातली ईसी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणातली असते. पुस्तकात उसाची जी सहनशीलता लिहिलेली असते, म्हणजे १.७ डेसिसायमनच्या पुढे उत्पादन घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे सहा टक्के घट, ती संपृक्त अर्काच्या (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याच्या) ईसीवर आहे. त्याच मातीची संपृक्त अर्काची ईसी आमच्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट भरते. अहवालात ०.९ बघून "एकच्या आत आहे, काळजी नाही" म्हणणारे रोज भेटतात. भारी काळ्या रानात ०.९ म्हणजे घट सुरू झाली असं समजा.

---

कृष्णाकाठ

काचनळी ताई, फार उपयोगी लिहिलंत. या दोन ईसींचा गोंधळ मी सल्ला देणाऱ्यांमध्येही बघितला आहे.

यात एक भर. क्षारयुक्त आणि चोपण यांचे उपाय वेगळे आहेत. क्षारयुक्त जमिनीत मीठ जास्त, सामू (पीएच) साडेआठच्या आत. उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो. तिला निचरा आणि भरपूर गोडं पाणी लागतं. चोपणमध्ये सामू साडेआठच्या वर, विनिमययुक्त सोडियम पंधरा टक्क्यांच्या पुढे. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी वर साचून राहतं, वाळली की दगड. तिथे जिप्सम लागतं, म्हणजे कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम वाहून जायला वाट पाहिजे. निचरा नसलेल्या रानात जिप्समची ट्रॉली ओतणं म्हणजे पैसे ओतणं. चुनखडीच्या रानात गंधक बरं, कारण चुना तिथे आधीच आहे, तो विरघळवायला आम्ल हवं. हे सगळं अहवाल बघून ठरवायचं. दुकानदाराला विचारून नव्हे.

---

सॅटेलाइट_सुप्रिया

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, माहेर ईश्वरपूरजवळ (आधीचं इस्लामपूर). बाबांचा ऊस मी गेले काही हंगाम उपग्रहाच्या चित्रांवर बघते आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते.

युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि चित्रं फुकट मिळतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे जवळजवळ गुंठ्याला एक ठिपका! एकराला चाळीस. हे लक्षात आल्यावर बाबांना समजावणं सोपं झालं. "तुमच्या रानातला प्रत्येक गुंठा वेगळा दिसतो" म्हटलं की ते लगेच चष्मा शोधतात.

वनस्पती निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या फरकावरून निघतो. हिरवं, निरोगी पान लाल शोषतं आणि अवरक्त परतवतं. आमच्या रानाचा ओढ्याकडचा कोपरा दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बाकीच्यांपेक्षा फिका दिसायचा. बाबा म्हणायचे तिथे हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे. काचनळी म्हणतात तसा नमुना त्या कोपऱ्यातला वेगळा काढला, तर ईसी बाकीच्या रानाच्या कितीतरी पट.

पण मर्यादा सांगते, कारण ॲपवाले त्या सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर ढग असतात, तेव्हा चित्र मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि आडसालीची लागण नेमकी तेव्हाच. ढगातून रडारवाले उपग्रह बघतात, पण त्यांचं चित्र वाचणं वेगळं शास्त्र आहे. शिवाय ऊस एकदा दाटला की एनडीव्हीआय वरच्या टोकाला जाऊन अडकतो. सगळं रान गर्द हिरवं दिसतं, खाली कमी-जास्त असलं तरी. आणि रंग फिका का झाला, ते उपग्रह सांगत नाही. पाणी, हुमणी, लोह, क्षार, काहीही असेल. कुठे चालत जायचं तेवढं तो दाखवतो.

---

काचनळी

सुप्रिया, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या प्रयोगशाळेत लावावं असं आहे. 🙏

पिवळ्या-पांढऱ्या पानांवरून आठवलं. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो लोहाचा. मातीत लोह नसतं असं नाही, सामू जास्त असल्याने ते मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं फेकलं तर तेही चुन्यात अडकतं. शेणखतात आठवडा-दोन आठवडे मुरवून द्या. आणि चिबड रानातला केवडा निचरा केल्याशिवाय जात नाही, कितीही फवारण्या करा.

---

वेल_मांडव

तासगाव भागातला द्राक्षवाला. उसवाल्यांनी मनावर घेऊ नका, पण तुम्ही आज ज्याला अचूक शेती म्हणताय ते द्राक्षात बरंच जुनं आहे. एप्रिल छाटणीनंतर पंचेचाळीसाव्या दिवसाच्या सुमारास पाचव्या पानाचा देठ काढून तपासायला पाठवायचा, ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींवर ठिबकमधून खत ठरवायचं. माती काय सांगते यापेक्षा वेलीने प्रत्यक्ष काय घेतलं हे देठ सांगतो.

हवामान केंद्राचा फायदा आम्हाला डाऊनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगात होतो. पान किती तास ओलं राहिलं यावर फवारणीचा निर्णय. पण केंद्र कुठे आहे त्यावर सगळं आहे. महसूल मंडळाला एक स्वयंचलित केंद्र आहे, तिथला पाऊस आमच्या गावाला पडेलच असं नाही. चार-पाच बागायतदारांनी मिळून बागेच्या आत केंद्र बसवलं तेव्हा आकड्यांवर विश्वास बसला.

प्रश्न: उसाला देठ परीक्षणासारखं काही आहे का?

---

कृष्णाकाठ

वेल_मांडव भाऊ, मनावर का घेऊ? तुमच्याकडून शिकण्यासारखंच आहे. उसात पान परीक्षण होतं, वरून पहिलं पूर्ण उघडलेलं, गळपट्टी दिसणारं पान घेऊन मधला भाग तपासतात. पण द्राक्षाएवढं रुळलेलं नाही. उसाला भाव टनावर आणि द्राक्षाला दर्जावर, म्हणून उसवाल्याला तपासणीचा खर्च जड वाटतो.

---

नवी_लागण

मी पंचवीस वर्षांचा, बीएस्सी ॲग्री होऊन घरी शेती करतो. पावणेदोन एकर. गटातल्या काही जणांनी मिळून मातीचे सेन्सर आणि हवामान केंद्र घ्यायचं ठरतंय. घरातली मोठी माणसं म्हणतात, पैसे वाया जातील. कृष्णाकाठ सर, तुमच्या लिहिण्यावरून तुम्हीही "आधी पाणी, मग यंत्र" म्हणताय. मग थांबू का?

---

कृष्णाकाठ

थांबू नका. पाणी मोजायचं यंत्रच आधी घ्या, एवढंच माझं म्हणणं.

क्रम असा ठेवा. मुख्य नळीवर वॉटर मीटर. तो नसेल तर प्रेशर गेज तरी, ठिबकला एक किलोचा दाब हवा. मग ड्रिपर तपासा: रानात वेगवेगळ्या ठिकाणचे वीस ड्रिपर निवडा, प्रत्येकाखाली ग्लास ठेवून ठरलेल्या वेळेत पडलेलं पाणी मोजा. सगळ्यात कमी देणाऱ्या पाचांची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी. उत्तर नव्वद टक्क्यांच्या वर आलं तर ठिबक चांगलं. सत्तर आलं, तर रानाच्या एका भागाला उपास आणि एकाला अजीर्ण, आणि खतही त्याच प्रमाणात. आम्लप्रक्रिया करून नळ्या धुवा. एवढं झाल्यावर सेन्सरच्या आकड्याला अर्थ येतो.

सेन्सरबद्दल काळ्या मातीतल्या दोन अडचणी विक्रेत्याला विचारून घ्या. आपली काळी माती वाळली की भेगाळते. भेग सेन्सरच्या अंगाने गेली की तो हवा मोजतो आणि रान कोरडं दाखवतो. म्हणून ओल असताना, त्याच मातीचा चिखल करून घट्ट बसवायचा. दुसरं, स्वस्तातले विद्युत गुणधर्मावर चालणारे सेन्सर क्षार जास्त असले की ओल आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणजे जिथे मोजमापाची सगळ्यात गरज, तिथेच ते चुकतात. तुमच्याच मातीत, पाणी दिल्यावर आणि सुकल्यावर पडताळा घेतल्याशिवाय आकड्यावर चालू नका.

एकाच खोलीवर सेन्सर बसवू नका. एक वीतभर खोल, दुसरा दोन फुटांवर. वरचा ओला-सुका होत राहिला पाहिजे. पाणी दिल्यावर प्रत्येक वेळी खालचाही चढत असेल तर मोटर जास्त वेळ चालली, पाणी आणि नत्र दोन्ही मुळांखाली गेले.

वडीलधाऱ्यांना सुरुवातीला टेन्सिओमीटर (मातीतली ओल मोजायची साधी नळी) दाखवा, किंवा कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने काढलेला ओल दाखवणारा दिव्यांचा साधा निर्देशक. जमिनीत खुपसायचा, निळा-हिरवा दिवा म्हणजे ओल आहे, लाल म्हणजे पाणी द्या. माझ्या वडिलांनी ॲप कधी उघडलं नाही, पण हा दिवा ते रोज बघतात.

वेल_मांडव म्हणतात तसं हवामान केंद्र गटाने घ्या. पावणेदोन एकराला स्वतंत्र केंद्र परवडणार नाही आणि गरजही नाही. सेन्सर मात्र आपल्या रानात आपला.

---

पाटपाणी

रात्रीच्या विजेचं काय? ठिबकवाल्यांनाही आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज असते. दोन तासांनी उठून कोण बंद करणार? वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावून झोपतात सगळे.

---

नवी_लागण

आमच्या गावात सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा वीज यायला लागली आहे. त्यानंतर मोटर वेळेवर बंद करणं खरंच जमतं.

---

कृष्णाकाठ

दिवसाची वीज हे या सगळ्यातलं सगळ्यात मोठं अचूक शेतीचं साधन आहे, हे मी मनापासून म्हणतो. जिथे ती नाही तिथे ठरलेले लिटर गेले की आपोआप बंद होणारी व्हॉल्व्ह मिळते. वीज मध्येच गेली तरी हिशोब चुकत नाही, कारण ती घड्याळावर नाही, पाण्यावर चालते.

---

माणदेशी_शिवार

आटपाडीकडून. तुमचं दुखणं जास्त पाण्याचं, आमचं वेगळं. पण एक गोष्ट सारखी आहे: एकाच गटात वर मुरूम, खाली दोन फूट माती. आमच्याकडे मातीची खोली हाच खरा नकाशा. खोल मातीत रब्बी ज्वारी, उथळ मुरमावर डाळिंब किंवा चारा. पहार घेऊन बापजाद्यांनी हे केलेलं आहे. तरी पावसाळ्यानंतर किती ओल साठली हे मोजून पेरा ठरवला तर वाया जाणारं बियाणं वाचेल असं वाटतं. यावर वेगळा धागा काढावा का?

---

कृष्णाकाठ

जरूर काढा. कोरडवाहूत ओल मोजण्याचं मोल आमच्यापेक्षा जास्त आहे, तिथे चूक झाली तर अख्खं पीक जातं.

---

ओढ्याकडचा

शिरोळ तालुका. आमच्याकडे साखर कारखान्याच्या पुढाकाराने भूमिगत निचऱ्याचं मोठं काम झालंय, त्यात माझंही रान आहे. ज्या रानात कुसळ उगवत नव्हतं तिथे परत ऊस उभा राहिला. सच्छिद्र नळ्या ठरावीक अंतरावर साडेतीन-चार फूट खाली, त्यांना जाळीचं आवरण, सगळ्यांचं पाणी मोठ्या नळीत आणि तिथून ओढ्याला.

पण एकट्याने होत नाही. माझ्या नळ्यांचं पाणी ओढ्यात जायला शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते, आणि ओढा बुजवून त्यावर ऊस लावणारेही आहेत. आमच्यात निम्मा वेळ बैठकांत गेला. उतार काढणं, नळी टाकणं ही कामं यंत्राने झटक्यात होतात. बांधावरची माणसं एका मताला आणणं हे खरं काम.

आणि निचरा झाल्यावरही काही जणांनी पाणी पूर्वीसारखंच तुंबवून पाजलं. नळीतून आता त्यांचं खत ओढ्याला वाहतंय.

---

काचनळी

निचरा नळीच्या तोंडाशी येणारं पाणीही तपासायला आणा. त्याची ईसी दर महिन्याला कमी होत गेली तर जमीन सुधारतेय, हे माती खोदल्याशिवाय कळतं. त्यात नायट्रेट किती आहे तेही बघता येईल. विहिरीचं पाणी तपासताना ईसीसोबत अवशिष्ट सोडियम कार्बोनेट बघा. ते लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या पुढे असेल तर ते पाणी जमीन चोपण करतं, ईसी कमी दिसली तरी.

---

सॅटेलाइट_सुप्रिया

ठिबकवाल्या क्षारपड रानात पहिल्या वळवाच्या पावसानंतर ऊस एकदम मलूल झालेला मी दोनदा बघितलाय. पाऊस चांगला, तरी असं का?

---

कृष्णाकाठ

सुप्रिया ताई, ठिबकमध्ये ओल ड्रिपरपासून बाहेर पसरते आणि क्षार त्या ओल्या गोळ्याच्या कडेला जमा होतात. आत मुळं गोड्या मातीत असतात. हलका पहिला पाऊस पडला की कडेचं मीठ विरघळून मुळांकडे येतं. म्हणून वळीव सुरू असतानाही ठिबक चालू ठेवा, चांगला भरपूर पाऊस होऊन मीठ खाली जाईपर्यंत. पावसात मोटर चालवायला कुणाचं मन घेत नाही, पण त्या रानात तेच करायचं.

---

पाटपाणी

दादा, तुम्ही वर निरीक्षण नळी म्हणालात ती कशी टाकायची? खर्च किती? मी माझ्या खालच्या रानात टाकतो, तिथे उन्हाळ्यात पांढरं दिसतं.

---

कृष्णाकाठ

दोन मीटरची अडीच इंची पीव्हीसी नळी घ्या. खालच्या दीड मीटरला ड्रिलने बारीक भोकं पाडा, त्यावर नायलॉनची जाळी दोन वेढे गुंडाळून बांधा, तळाला टोपण. गिरमिटाने भोक घ्या, नळी उभी करा, भोवती बारीक वाळूखडी भरा, वरचा एक फूट चिकणमातीने ठासून बंद करा म्हणजे वरून पाणी उतरणार नाही. वर अर्धा फूट नळी बाहेर राहू द्या, टोपण लावा, आणि तिथे लाल फडकं बांधा, नाहीतर बांधणीला ट्रॅक्टर मोडेल. एक-दोन हजारांत होईल, गिरमिट कुणाकडून मागून आणलं तर त्याहून कमी.

दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजायचं. पाळीच्या आदल्या दिवशी एकदा, पाळीनंतर तिसऱ्या दिवशी एकदा. पाणी दीड मीटरपेक्षा वर राहत असेल तर क्षार वर येणारच, मग पुढची पाळी कमी करायची आणि निचऱ्याचं बघायचं. पाळीआधीही ते एक मीटरच्या आत असेल, तर ओढ्याकडचा यांच्यासारखं गटाने नळ्या टाकण्याला पर्याय नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपडीवर काम चालतं, तिथे हे आकडे घेऊन जा. मोकळ्या हाताने गेलात तर सर्वसाधारण सल्ला मिळतो, वहीतले आकडे दाखवलेत तर तुमच्या रानाचा मिळेल.

एक वरच्या रानात आणि एक खालच्या, अशा दोन नळ्या टाका.

---

पाटपाणी

दोन टाकतो. गिरमिट आहे पाहुण्यांकडे. पुढच्या पाळीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे इथेच लिहितो.